दोराची ताकद वजनावरून ठरत नाही: पुराच्या ओढीबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

वेदगंगा-दूधगंगेच्या काठी मेअखेरीला एकच गडबड असते. जत्राट-भिवशी, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड अशा बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायची घाई सुरू होते आणि मृगाचा पाऊस लागला की शेतकरी नदीतून पाणी उपसायच्या मोटरींच्या मागे लागतो. माझं निपाणी भागात वेल्डिंगचं दुकान आहे. या दिवसांत माझ्याकडे मोटर पाण्यावर तरंगत ठेवणाऱ्या तराफ्याच्या फ्रेमा, खुंट्या, कड्या आणि क्लॅम्प यांचंच काम असतं. यंदा येणारा जवळजवळ प्रत्येक जण मोबाइल पुढे धरतो, कुणाकडे मराठीत तर कुणाकडे कन्नडमध्ये, पण मेसेज एकच. त्यावर विसंबून लोक दोर घेत आहेत आणि खुंट्या ठोकत आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेज असा आहे: "नदीकाठच्या शेतकरी बांधवांनो, पुराला घाबरू नका. तराफा असो वा नाव, वस्तूच्या वजनाच्या दीडपट ताकदीचा दोर वापरा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होते, म्हणून दोर डबल केला की झालं. शंभर किलोचा सिमेंटचा ठोकळा शंभर किलोची ओढ धरतो. दोर आखूड आणि ताठ ठेवा. धरणातून किती क्युसेक सोडलं ते बघून ओढीचा अंदाज घ्या. पाणी वाढलंच तर छातीभर पाण्यापर्यंत माणूस आत जाऊन दोर सैल करू शकतो."

एकेक वाक्य घेतो.

"वजनाच्या दीडपट ताकदीचा दोर." वाहतं पाणी बांधलेल्या वस्तूला ओढतं तेव्हा त्या ओढीत वस्तूच्या वजनाचा थेट हिशेब कुठेच येत नाही. ओढ ठरते ती तीन गोष्टींवरून: पाण्याचा वेग किती, प्रवाहासमोर वस्तूचा किती भाग आडवा येतो आणि त्या भागाचा आकार कसा आहे. साधा हिशेब असा, की एक चौरस मीटर भाग प्रवाहाला आडवा आला आणि पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं वाहत असलं, तर ओढ साधारण ५० किलो. वस्तू सपाट चौकोनी असेल तर याहून जास्त, निमुळती असेल तर कमी. आता एक पत्र्याचं दार घ्या, वजन १० किलो, आकार एक चौरस मीटर. मेसेजच्या नियमानं त्याला १५ किलो पेलणारी सुतळी पुरेल. तेच दार सेकंदाला दोन मीटर वेगाच्या पाण्यात आडवं धरलं, तर ओढ २०० किलोच्या वर जाते.

माझ्याकडे नेहमी होणारा तराफा चार ड्रमचा असतो. मोटरीसकट वजन चारशे किलोच्या आसपास, समोरून सहा फूट रुंद, पाण्यात एक फूट बुडालेला. म्हणजे प्रवाहासमोर अर्धा चौरस मीटर. एक मीटर वेगाला २५ किलो, दोन मीटरला १००, तीन मीटरला २३० किलो ओढ. इथे वजनाच्या दीडपटीचा नियम लावला तर ६०० किलोचा दोर येतो आणि तो पुरेसा वाटतो. हा निव्वळ योगायोग आहे आणि तो केंदाळ (जलपर्णी) येईपर्यंतच टिकतो. आमच्याकडचा पूर नुसतं पाणी घेऊन येत नाही. उसाचं पाचट, बाभळीच्या फांद्या, केंदाळाचे गालिचे, सगळं वाहत येतं आणि पहिला दोर दिसला की त्याला मिठी मारतं. तीन मीटर रुंद आणि दीड-दोन फूट जाड केंदाळ तराफ्याला अडकलं की दीड चौरस मीटर भाग नव्यानं आडवा आला. तीन मीटर वेगाला त्याची एकट्याची ओढ ७०० किलोच्या घरात जाते. तराफ्याचं वजन होतं तेवढंच राहतं, पण दोर तुटतो किंवा खुंटी उपटून येते. बहुतेक वेळा खुंटीच येते, कारण काळी माती भिजली की लोण्यासारखी होते.

आता सगळ्यात घातक वाक्य: "वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट." वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. तिप्पट झाला की नऊपट. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे न्यूटननं १६८७ साली छापलेल्या ग्रंथात मांडलेलं आहे. पण पुस्तकावर विश्वास ठेवायचं कारण नाही, हे बादलीनं तपासता येतं.

मी तपासलं ते असं. जानेवारीत बंधाऱ्याच्या एका गाळ्यातून, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेतून, पाणी सोडलेलं होतं. खालच्या अंगाला, जिथे पाणी पसरून संथ झालं होतं, तिथे काठावर वीस मीटरच्या दोन खुणा केल्या आणि नारळ सोडला. नारळ जवळजवळ बुडून तरंगतो, वाऱ्यानं फारसा ढकलला जात नाही, म्हणून तो बरा. त्याला वीस मीटर जायला ३३ सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.६ मीटर. मग अकरा इंच तोंडाची प्लॅस्टिकची बादली दोराला बांधली, दोराच्या दुसऱ्या टोकाला धान्य तोलायचा हूकचा ताणकाटा लावला आणि बादली प्रवाहात सोडली. कडी तोंडाजवळ असल्यानं बादली आपोआप तोंड प्रवाहाकडे करून उभी राहते. काटा दीड किलोच्या किंचित पुढे थांबला. नंतर तेच सगळं उचलून गाळ्याजवळ नेलं. तिथे नारळानं दहा मीटर आठ सेकंदांत कापले, म्हणजे वेग दुपटीहून थोडा जास्त. काटा साडेसहा ते सात किलोच्या दरम्यान नाचत राहिला. त्या नाचण्याकडे मी बराच वेळ बघत होतो. बादलीच्या मागे आलटून पालटून भोवरे सुटतात आणि दोराला एकसारखे हिसके बसतात. गाठ हळूहळू सैल होते ती याच हिसक्यांनी. दोर बांधून पावसाळाभर तसाच सोडला तर तो ओढीनं तुटतो त्याआधी घासून झिजतो.

माझ्या बादलीवर विश्वास नसेल तर पूल बांधणाऱ्यांचा नियम बघा. बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. देशातल्या रस्त्यांवरचे पूल तिच्या नियमावलीप्रमाणे आखले जातात. पुलाच्या खांबावर पाण्याचा दाब किती धरायचा, याचं त्यातलं सूत्र एका ओळीचं आहे: ५२ गुणिले आकाराचा आकडा गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं दर चौरस मीटरला किलोत. आकाराचा आकडा चौकोनी खांबाला १.५, गोल खांबाला ०.६६ आणि दोन्ही बाजूंनी ३० अंशांपर्यंत टोकदार केलेल्या खांबाला ०.५. याच सूत्रात वजन कुठेच नाही आणि वेग मात्र वर्गानं आहे, हे दोन्ही मेसेजवाल्यानं पाहायला हवं होतं. खांब पुढूनही टोकदार आणि मागूनही टोकदार का करतात, तेही यातून कळतं. मागच्या बाजूला भोवरे पडून पोकळी झाली की ती खांबाला मागे खेचते. नुसतं पुढचं नाक काढून काम अर्धंच होतं.

याच वर्गाच्या नियमातून पुढे एक गोष्ट निघते. नदी केवढा दगड गडगडत नेऊ शकते, त्याचं वजन वेगाच्या सहाव्या घातानं वाढतं. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजच्या विल्यम हॉपकिन्स यांनी हे मांडलं. ओढ दगडाच्या रुंदी-उंचीवर म्हणजे वर्गावर वाढते आणि वजन लांबी-रुंदी-उंची तिन्हींवर, म्हणजे घनावर. गणित सोडवलं की वेग दुप्पट झाल्यावर चौसष्टपट वजनाचा दगड हलतो. कणकुंबीहून खाली खानापूरकडे येताना मलप्रभेच्या पात्रात उन्हाळ्यात जे गुळगुळीत धोंडे दिसतात, ते तिथे कसे आले असतील, हा विचार मी लहानपणापासून करायचो. संथ दिवसांत नदी त्यांना स्पर्शही करत नाही. वर्षातले मोजके दिवस पुरतात.

आणि "दोर डबल केला की झालं"? चौपट ओढीला दुप्पट दोर पुरत नाही, हे आलंच. शिवाय दोन दोर क्वचितच सारखे ताणले जातात. एक ताठ असतो, एक सैल, आणि ताठ असलेला आधी सगळा भार घेतो. गाठीची गोष्ट वेगळीच. नुसत्या गाठीनं दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्यानं, कधी निम्म्यानं कमी होते. म्हणून मी कडीत गोल थिंबल, म्हणजे दोर बसायची धातूची खोबण, घालून दोर विणून देतो. दोन मिनिटं जास्त जातात, पण दोर कडीच्या धारेवर कापला जात नाही.

आकाराबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, म्हणून इथेच सांगतो. सोळा-सतरा फुटी नाव टोकाला बांधली आणि ती प्रवाहाशी सरळ राहिली, तर दोन मीटर वेगाला तिच्यावर वीस किलोच्या आतबाहेर ओढ येते. तीच नाव मधोमध बांधली आणि आडवी फिरली, तर ३०० किलो. नाव तीच, पाणी तेच. पूर्वी आमच्याकडे ओढा-नदी ओलांडायला गुऱ्हाळातली उसाचा रस कढवायची काहील वापरायचे. काहील गोल, तिला नाक नाही न शेपूट नाही. कशीही फिरली तरी आडवीच. आठ फुटी काहील पाऊण फूट बुडाली की दोन मीटर वेगाला शंभर किलोच्या आसपास ओढ घेते. जुनी माणसं पाणी संथ असेल तिथेच काहील घालत, ते अनुभवानं.

"शंभर किलोचा ठोकळा शंभर किलोची ओढ धरतो." सिमेंटच्या ठोकळ्यानं पाण्यात बुडताच ४२ लिटर पाणी बाजूला सारलं आणि तेवढं वजन कमी झालं. उरलं ५८ किलो. ठोकळा तळाशी नुसता ठेवलेला असतो, तो धरून राहतो घर्षणानं. वाळू-गाळावर घर्षण धरलं निम्मं, तर आडवी ओढ धरायची ताकद २९ किलो. म्हणजे आपल्या चार ड्रमच्या तराफ्याला सेकंदाला एक मीटरचं पाणीसुद्धा त्याच्या हद्दीवर आणून ठेवतं. त्यात दोर साठ अंशांत वर चढत असेल तर तोच दोर ठोकळ्याला उचलतोही. मग आडवी ताकद राहते जेमतेम पंधरा किलो. काळ्या दगडाचा नांगर सिमेंटहून थोडा बरा, लोखंडाचा आणखी बरा. पण खरी ताकद वजनात नसते, रुतण्यात असते. काठावर वर, चार फूट खोल चर मारून आडवं लाकूड किंवा जुना पाइप पुरायचा आणि दोर त्याच्या मधोमध बांधून बाहेर काढायचा. पुढची सगळी माती मग त्याच्यासाठी ओढ धरते. चिंच-करंजाचं जुनं झाड असेल तर त्याहून चांगलं काही नाही, फक्त सालीला पोतं गुंडाळून दोर बांधा.

"दोर आखूड आणि ताठ." हे वाचून मला खरोखर भीती वाटली. खालच्या काठावर खुंटी आहे, दोर आखूड आहे आणि रात्रीत पाणी दहा फूट चढलं. तराफा वर गेला, खुंटी पाण्याखाली राहिली, दोर उभा होत गेला. साठ अंशांचा कोन झाला की १०० किलोच्या आडव्या ओढीसाठी दोरात २०० किलोचा ताण येतो आणि तराफ्याचं नाक १७३ किलोनं खाली खेचलं जातं. चार ड्रमच्या तराफ्यात मोटरीचं ओझं वजा जाता तरंगायची शिल्लक चारशे किलो. त्यातली पुढच्या दोन ड्रमची दोनशे. म्हणजे दोन मीटर वेगालाच नाक पाण्याच्या पातळीला टेकलं. वेग तीनवर गेला की खालची ओढ चारशेजवळ पोचते आणि तराफा नाकानं बुडतो. दोर न तुटता, खुंटी न उपटता मोटर पाण्याखाली. असा तराफा २०१९ च्या ऑगस्टनंतर पाणी उतरल्यावर माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. दोर शाबूत, गाठ शाबूत, मागचे दोन ड्रम चकचकीत आणि पुढच्या दोहोंच्या बुचापर्यंत गाळ. मोटर तारा नव्यानं गुंडाळायला गेली. मालक म्हणाले, "एवढा मजबूत बांधला होता." मजबूत होता, पण आखूड होता.

दोर लांब हवा. पाणी जेवढं चढू शकतं त्याच्या पाचपट लांबी मिळाली तर कोन अकरा-बारा अंशांवर येतो आणि दोरातला ताण आडव्या ओढीएवढाच राहतो. एवढी जागा नसेल तर बांधायची जागाच उंच घ्या.

क्युसेकचं थोडक्यात. पावसाळ्यात रोज सकाळी आपण राजापूर बंधाऱ्यातून किती, दूधगंगेतून किती हे आकडे वाचतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. हा आकडा सांगतो, अख्ख्या पात्रातून मिळून किती पाणी गेलं. पाणी किती जोरात गेलं हे कळायला त्याला पात्राच्या छेदानं भागावं लागतं. नदी ४०० मीटर पसरलेली आणि ८ मीटर खोल धरली, तर एक लाख क्युसेकला सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटरही होत नाही. उलट खानापूरच्या बाजूला जंगलातला एखादा ओढा, सहा मीटर रुंद, दोन फूट खोल, त्यातून ३०० क्युसेक जात असलं तर वेग सव्वादोन मीटरच्या वर. तराफ्यावरची ओढ तिथे सहा-सातपट. पूर पसरला की काठावर पाणी संथ वाटतं आणि त्याच वेळी पुलाच्या गाळ्यांत, बंधाऱ्याखाली, वळणाच्या बाहेरच्या अंगाला ते धावत असतं. क्युसेक वाचून पाणी किती चढेल याचा अंदाज घ्या, ओढीचा अंदाज आपल्याच काठावर नारळ सोडून घ्या. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, सरासरी त्याच्या ०.८५ पट धरतात. पण तरंगणाऱ्या वस्तूला पृष्ठभागाचाच वेग लागतो, तिथे काही वजा करू नका.

शेवटचं वाक्य माणसाच्या जिवाचं आहे: "छातीभर पाण्यापर्यंत माणूस आत जाऊ शकतो." ६५ किलोचा माणूस छातीभर पाण्यात उभा राहिला की त्याचं पायावर येणारं वजन पंधरा-वीस किलो उरतं, बाकी पाणी उचलून धरतं. गाळावर त्याचा पाय सात-आठ किलोची आडवी ओढ धरू शकेल. छातीपर्यंतचं अंग प्रवाहासमोर साधारण ०.४ चौरस मीटर. सेकंदाला दीड मीटर वेगाला त्याच्यावर ४५ किलोहून जास्त ओढ येते. सात किलो धरणाऱ्या पायावर पंचेचाळीस किलो. ०.७ मीटर वेगालाही, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहून कमी वेगाच्या पाण्यात, तो उभा राहू शकत नाही. गुडघाभर पाणीसुद्धा दोन मीटर वेगानं वाहत असेल तर बरोबरीची झुंज असते आणि पायाखाली शेवाळ आलं की ती संपते. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा लोकांना सांगते की जोरात वाहणारं सहा इंच पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं आणि एक फूट पाणी बहुतेक मोटारगाड्या वाहून नेऊ शकतं. गाडीचं कारणही तेच: तळ पाण्याला टेकल्यावर प्रत्येक चार इंचाला सहाशे किलोच्या आसपास उचल मिळते. टनभर वजनाची गाडी बुडालेल्या बंधाऱ्यावर घालताना "गाडी जड आहे" म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं. २०१९ मध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं तेव्हा ट्रकसुद्धा थांबवून ठेवले होते, ते याचसाठी.

त्यात दोर सैल करायला गेलेल्या माणसाच्या हातात ताणलेला दोर असतो. गाठ सुटली की शंभर-दोनशे किलोची ओढ एका क्षणात त्याच्या मनगटावर येते. म्हणून मी गिऱ्हाइकाला फ्रेम देताना आधी विचारतो, बांधणार कुठे. "काठावरच्या खुंटीला" असं उत्तर आलं तर त्यांच्याबरोबर नदीकाठच्या मळीपर्यंत जातो. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळावर २०१९ च्या पाण्याची रेघ ऑइलपेंटनं मारलेली आहे. त्या रेघेच्या उंचीनं नजर फिरवत गेलं की कुठलं झाड कोरडं राहिलं होतं ते दिसतं. दोराचं टोक त्या झाडाला, माणसाच्या छातीच्या उंचीवर. गाठ नाही, तिथे लोखंडी खुंटाळ्याला दोराचे चार वेढे, म्हणजे कोरड्या जमिनीवर उभं राहून एका हातानं वेढा सोडत दोर देता येतो.